उसाच्या कडेची वस्ती आणि कुत्र्याची शिकवणी

प्रश्न : नारायणगावजवळ उसाला लागून आमची वस्ती आहे. दहा महिन्यांचा कुत्रा रात्री भुंकत उसात शिरतो, हाक मारली तरी फिरत नाही. पुण्याहून एक प्रशिक्षक घरी येऊन शिकवायला तयार आहेत. बोलवावे का?

उत्तर : जरूर बोलवा. तुमच्या अंगणात, उसाच्या बांधावरच शिकलेले कुत्र्याच्या अंगवळणी पडते. पण आधी विचारा, ‘त्याने ऐकले नाही तर काय करता?’ फटके, विजेचा धक्का देणारा पट्टा असे उत्तर आले, तर दुसरा माणूस शोधा. घाबरलेला कुत्रा हाकेला जवळ येत नाही, लांब पळतो. कुत्र्याला बाजूला नेऊन शिकवणाराही नको. दोरी तुमच्याच हातात हवी, कारण रात्री हाक तुम्ही मारणार आहात.

पहिले काम परत बोलावण्याचे. छातीपट्ट्याला दहा मीटरची हलकी दोरी लावा. नाव एकदाच घ्या. तो वळला की लगेच शाबासकी आणि उकडलेल्या अंड्याचा तुकडा. उशिरा आला म्हणून कधीही रागावू नका. सराव दिवसाउजेडीच करा.

मात्र तुमच्या जुन्नर-आंबेगाव भागात कुत्रा हे बिबट्याचे नेहमीचे भक्ष्य आहे. बिबट्यापुढे कोणतेही शिक्षण कामाला येत नाही आणि अंगणात साखळीला बांधलेल्या कुत्र्याला तर पळताही येत नाही. दिवेलागणीआधी त्याला घरात किंवा वरूनही बंद असलेल्या भक्कम जाळीत घ्या. पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील, तर आधी ती जाळी करा. बिबट्या दिसला, तर वन विभागाला १९२६ वर कळवा. आणि प्रशिक्षक यायच्या आधी रेबीजची लस झाली आहे ना, ते पाहा.