निर्भय वाणी
२५ जून १९७५ रोजी देशात आणीबाणी पुकारण्यात आली. वृत्तपत्रांवर बंधने आली, अनेक नेते तुरुंगात गेले. कालपर्यंत मोकळेपणाने बोलणारी माणसे दबक्या आवाजात बोलू लागली.

त्याच वर्षी डिसेंबर महिन्यात कऱ्हाड येथे मराठी साहित्य संमेलन भरले. विदुषी दुर्गा भागवत अध्यक्षस्थानी होत्या. केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष होते. बंदिवासातून नुकतेच सुटलेले जयप्रकाश नारायण तेव्हा रुग्णशय्येवर होते. त्यांना आरोग्य लाभावे म्हणून प्रार्थना करू या, असे दुर्गाबाईंनी भरसभेत आवाहन केले. सारी सभा उभी राहिली.

पुढे १९७६ साली दुर्गाबाईंना कारावास घडला. पण त्यांनी आपले मत सोडले नाही. मार्च १९७७ मध्ये जनतेने मतपेटीतून कौल दिला व आणीबाणी उठली.

भोवताली भय दाटले असता सत्य शांतपणे बोलणे, हाही नागरिकाचा धर्मच होय.