गर्भपाताचा खर्च किती, आणि तो वाढतो कुठे

नगरच्या सिव्हिलमध्ये किंवा तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात गर्भपाताचं बिल शून्य रुपये यायला हवं. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासण्या आणि औषधांपर्यंत सगळं मोफत आहे. पाळी चुकल्यावरची लघवीची तपासणीही आशाताईंकडे फुकट होते. मात्र सगळ्याच ठिकाणी एमटीपीचं, म्हणजे वैद्यकीय गर्भपाताचं प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर रोज असतीलच असं नाही. एसटीचं तिकीट काढण्याआधी आशाताईंना किंवा नर्सबाईंना फोन करायला सांगा: एमटीपी होते का, कोणत्या वारी, किती आठवड्यांपर्यंत?

खासगीत गेलात तर ‘एकूण किती?’ एवढंच विचारून थांबू नका. सोनोग्राफी, रक्त-लघवी, गोळ्या किंवा पिशवी धुणं, भूलतज्ज्ञाची फी, खाटेचं भाडं, आठ-पंधरा दिवसांनी फेरतपासणी, असे आकडे सुटे मागा. गोळ्यांचं पाकीट काहीशे रुपयांचं असतं, बाकीचा खर्च या इतर बाबींचा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन लागू शकतं, ते साधारण दोन-तीन हजारांना पडतं आणि नेमकं तेच बऱ्याचदा बिलाच्या वेळी समजतं. म्हणून रक्तगट आधीच माहीत करून घ्या. दरपत्रक दर्शनी भागात लावणं राज्याच्या २०२१ च्या नियमांनी खासगी रुग्णालयांना बंधनकारक केलं आहे. गर्भपात केंद्राच्या मान्यतेचं प्रमाणपत्रही भिंतीवर दिसलं पाहिजे. ते नसेल तर कितीही स्वस्त सांगितलं तरी तिथून उठा.

खर्च खरा वाढवतात ते आठवडे. नऊ आठवड्यांपर्यंत डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्यांवर भागतं. बाराच्या आत पिशवी धुवून बाई बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी जाते. त्यापुढे भरती व्हावं लागतं आणि मान्यता असलेली केंद्रंही कमी होत जातात. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं. वीस ते चोवीसमध्ये दोघांचं लागतं आणि तेही ठरावीक परिस्थितीतच: बलात्कार, अल्पवयीन मुलगी, गरोदरपणात आलेलं वैधव्य किंवा घटस्फोट, गर्भातलं गंभीर व्यंग वगैरे. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी अविवाहित स्त्रियांनाही या चोवीस आठवड्यांच्या मुदतीत घेतलं.

आता पाथर्डी-जामखेडकडची ऊसतोडीला गेलेली बाई डोळ्यांपुढे आणा. मुकादमाची उचल अंगावर, नवरा-बायको मिळून एक कोयता. ती दवाखान्यात गेली की त्या दिवसाचा खाडा, म्हणजे मजुरी बुडून वर दंड. एका डॉक्टरांनी ‘पुढच्या आठवड्यात नवऱ्याला घेऊन या’ म्हटलं की दुसरा खाडा, दुसऱ्यांदा गाडीभाडं, आणि गोळ्यांची मुदतही निघून जाते. हा खर्च कुठल्याच पावतीवर येत नाही. आणि नवऱ्याची सही कायद्याने लागतच नाही! अठरा वर्षं पूर्ण झालेल्या स्त्रीची एकटीची संमती पुरेशी आहे. अठराच्या आतल्या मुलीसाठी पालकांची संमती लागते. नाव फोडणाऱ्याला वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते.

डॉक्टर कचरतात यामागे कारण आहे. २०११ च्या जनगणनेत नगर जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८५२ मुली होत्या. गर्भलिंग तपासणीवर कडक नजर हवीच. पण गर्भलिंग तपासणीचा कायदा वेगळा, गर्भपाताचा वेगळा. कागद नीट ठेवणाऱ्या डॉक्टरने कायदेशीर गर्भपाताला घाबरून बाईला परत पाठवणं म्हणजे तिला झोलाछापाच्या दारात ढकलणं आहे. महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतीलाल शहा यांच्या समितीने १९६६ मध्ये अहवाल दिला आणि त्यावरून १९७१ चा कायदा आला, तो चोरून होणाऱ्या गर्भपातांत बायकांचे जीव जात होते म्हणून. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेडला गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका केलं, कारण दुखणं आधी शेजारणीला कळतं. सार्वजनिक आरोग्याचं काम पत्करलेल्या माणसाला गर्भपाताबद्दल वैयक्तिक मत असू द्यावं, पण त्या मताचा भुर्दंड समोरच्या बाईने का सोसावा? तिला पहिल्याच भेटीत सेवा किंवा नेमका पत्ता मिळाला पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं.

नकार मिळालाच तर वाद घालत वेळ दवडू नका. कुठे पाठवता ते चिठ्ठीवर लिहून घ्या, तारीख टाकायला लावा, आणि तिकडे फोन करून वेळ ठरवून द्यायला सांगा. अडलंच तर १०४ वर विचारा. गोळ्या घेतल्यावर तासाला दोन पॅड भिजतील इतकं रक्त सलग दोन तास गेलं, ताप उतरेना किंवा चक्कर आली, तर १०८ ला फोन करा. जीव वाचवण्यासाठी लगेच गर्भपात करावा लागला, तर कायद्याने आठवड्यांची अट राहत नाही, दुसऱ्या डॉक्टरांच्या मतासाठीही थांबावं लागत नाही.