जुम्याचा खुतबा ऐकताना

मी रायगडचा कोकणी मुसलमान, नोकरीमुळे नवी मुंबईकर झालेला. इथल्या मशिदीत जुम्याला मसाला मार्केटचा हमाल, महापेच्या आयटी कंपनीतला पोरगा, उत्तर प्रदेशचा सुतार आणि केरळचा हॉटेलवाला एकाच सफेत (रांगेत) मांडीला मांडी लावून बसतात. खुतब्याचे, म्हणजे इमामाचं प्रवचन ऐकण्याचे, अदब मला पुस्तकांपेक्षा या गर्दीने जास्त शिकवले.

१. पहिल्या अजानलाच उठावं. मदिनेची वस्ती वाढली तेव्हा तिसरे खलिफा हजरत उस्मान यांनी बाजारातल्या लोकांना वेळेत कळावं म्हणून ही जादा अजान सुरू केली. दुसरी अजान मिंबरसमोर (इमामाच्या व्यासपीठासमोर) होते आणि लगेच खुतबा. बुखारीतल्या हदीसनुसार फरिश्ते मशिदीच्या दारात येणाऱ्यांची नावं क्रमाने लिहितात आणि इमाम मिंबरवर आला की वह्या मिटून ऐकायला बसतात. जेवण नमाजनंतर ठेवावं. आधी जेवायचंच असेल तर कच्चा कांदा-लसूण तरी टाळावा. वासाचा त्रास शेजाऱ्याला होतो.

२. जागा मिळेल तिथे बसावं. लोकांच्या खांद्यांवरून पाय टाकत पुढे निघालेल्या एका माणसाला पैगंबरांनी खुतबा चालू असताना सांगितलं होतं की बस, तू लोकांना त्रास दिलास. पुढची सफ हवी तर लवकर यावं.

३. गप्प बसावं आणि दुसऱ्याला तोंडाने गप्पही करू नये. इमाम खुतबा देत असताना शेजाऱ्याला ‘चूप’ म्हणणंसुद्धा वायफळ बोलण्यातच मोजलं जातं, असं हदीस सांगते. एकदा मागच्या सफेत दोन पोरं खिदळत होती. शेजारच्या चाचांनी मिंबरवरची नजर न हलवता एकाच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. पोरं शांत झाली. इशाऱ्याला मनाई नाही.

४. उशिरा आलेला कुणी नमाजच्या दोन रकाती पढू लागला तर डोळे वटारू नयेत. आम्ही कोकणी बहुतेक शाफिई पंथाचे, केरळचे मुसलमानही तेच. आमच्याकडे खुतबा चालू असला तरी दोन हलक्या रकाती पढून मगच बसतात. आधार आहे सुलैक गतफानी यांचा: ते येऊन तसेच बसले, तर पैगंबरांनी त्यांना उठवून दोन रकाती पढायला लावल्या. उत्तर प्रदेश-बिहारचे बहुतेक भाऊ हनफी पंथाचे. त्यांच्या मते इमाम मिंबरवर आला की नफील (ऐच्छिक) नमाज बंद. दोघांकडे दाखले आहेत. वाद घालायचाच तर बाहेर, चहाच्या टपरीवर घालावा.

५. हात आवरावेत. पैगंबरांच्या मशिदीत जमिनीवर खडे असत. खुतब्यात त्या खड्यांशी चाळा करणंही वायफळात धरलं गेलं. आजचा खडा म्हणजे मोबाइल. आवाज बंद केला तरी पडद्याचा उजेड शेजाऱ्याचं लक्ष खेचतो. फोन बंद करून खिशात टाकावा.

६. चंद्याचा डबा खुतब्याआधी फिरवावा. खुतब्यात तो समोर आला की माणूस सुटे पैसे शोधतो, नाणी वाजतात, डबा पुढे सरकवायला मान वळते. कमिटीने हे काम खुतब्याआधीच्या उर्दू बयानाच्या वेळीच उरकावं.

७. कळलं नाही तरी ऐकावं. आधी उर्दूत बयान होतं, मग अरबीत दोन खुतबे, मधे इमाम क्षणभर बसतो. तेवढ्यातही गप्पा सुरू करू नयेत. अरबी येत नसलेल्यांनी बयान चुकवू नये, त्या आठवड्याचं सांगणं त्यातच असतं. डुलकी येत असेल तर जागा बदलावी, तशी हदीसच आहे.

८. नमाज संपल्यावर रस्ता मोकळा करावा. सूरह जुमुआ अजान झाल्यावर व्यापार सोडायला सांगते आणि नमाजनंतर जमिनीवर पांगून रोजी शोधायलाही सांगते. म्हणजे जुमा हा दिवसभराच्या सुट्टीचा वार नव्हे. आपण मात्र दारात घोळका करून उभे राहतो आणि आपली स्कूटर कुणाच्या तरी शटरसमोर असते. त्या दुकानदाराने खुतबा ऐकलेला नसतो; आपण काय ऐकून आलो, हे तो त्या स्कूटरवरूनच ठरवतो.