दोन रस्ते, एक वाहन

आमचे गाव पाचवड फाट्यापासून आत आहे. फाट्यापर्यंतचे चार किलोमीटर म्हणजे उखडलेली खडी आणि पावसाळ्यात घोटाभर चिखल. तेथून साताऱ्यातील महाविद्यालयापर्यंत सुमारे वीस किलोमीटर पुणे–बंगळूर महामार्ग. मागच्या आषाढात दादाची शंभर सीसीची गाडी त्या चिखलात घसरली व त्याचा हात मोडला. आईने मला गाडीला हात लावण्याची बंदी केली. एस.टी.ने येऊ लागलो, तर पहिला तास रोज बुडू लागला. अखेर वडील म्हणाले, "दोन्ही रस्त्यांना चालंल अशी गाडी सांग, पण एकदाच सांग. हळदीचं पैसं सारखं येत नाहीत." त्या वाक्याने मला अभ्यासाला बसवले. जे हाती लागले ते येथे मांडतो.

माती आणि डांबर अशा दोन्ही रस्त्यांसाठी बनवलेल्या गाडीला 'ड्युअल-स्पोर्ट' म्हणतात. १९६८ साली आलेल्या यामाहाच्या डीटी-१ या गाडीने हा प्रकार लोकप्रिय केला. आपल्याकडे २०११ मध्ये हिरोची १५० सीसीची इम्पल्स आली, पुढे ती बंद झाली. त्यानंतर २०१६ मध्ये रॉयल एनफील्डची ४११ सीसीची हिमालयन व २०१९ मध्ये हिरोची २०० सीसीची एक्सपल्स आली. हिमालयनची ४५२ सीसीची नवी आवृत्ती २०२३ ची.

या गाड्या मातीत चांगल्या, हे उघडच आहे. प्रश्न महामार्गाचा आहे, आणि तेथे पहिला शत्रू वारा. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती आठपट. ताशी ६० वरून ९० वर गेले, तरी ती तिपटीहून अधिक लागते. त्यात या गाड्यांवर बसणे ताठ, म्हणजे वारा सरळ छातीवर. म्हणून गाडी जास्तीत जास्त किती पळते हे न विचारता, आपल्या रोजच्या वेगाला इंजिनात किती ताकद शिल्लक राहते, हे विचारावे. ट्रकला ओलांडताना ती शिल्लकच उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट चाके. पुढचे २१ इंची चाक खड्ड्यावरून सहज जाते. मात्र खोल गट्टूंचे टायर मातीत जेवढे धरतात, तेवढे ओल्या डांबरावर धरत नाहीत, आणि झिजतातही लवकर. माझ्या वाटेचे सहापैकी पाच हिस्से डांबर आहे. तेव्हा टायर डांबराकडे झुकणारेच हवेत. ताशी ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. ब्रेक दाबायचे सुचेपर्यंतच एवढे अंतर संपते. यासाठी एबीएस असलेलीच गाडी पाहावी. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीवरील नव्या गाड्यांना ते सक्तीचे आहे.

तिसरी गोष्ट मी कागदावर नव्हे, अंगणात शिकलो. माझी उंची पाच फूट चार इंच. जुन्या हिमालयनची बैठक ८०० मिलिमीटर, एक्सपल्सची त्याहून सुमारे दोन सेंटिमीटर उंच. कागदावर हिमालयन सोयीची. पण ओळखीच्या एकाची गाडी मुद्दाम आडवी करून उचलून पाहिली, तेव्हा तिच्या १९० किलोंच्या आसपासच्या वजनापुढे मी हरलो. १५५ किलोंच्या आसपासची एक्सपल्स धापा टाकत का होईना, उभी केली. चिखलात आपण एकटे असतो, हे दादाच्या हाताने शिकवले होते.

शेवटी आम्ही जुनी एक्सपल्स घेतली, टायर बदलले, आणि महामार्गावर ताशी ७५ ही मर्यादा घालून घेतली. मला रोज पुण्याला जावे लागते, तर मी अधिक ताकदीची गाडी सुचवली असती आणि जड वजन पत्करले असते. तात्पर्य, सर्वांत चांगली गाडी अशी नसतेच. आपला रस्ता, आपली उंची आणि आपली ताकद आधी मोजावी, गाडी नंतर.

या पावसाळ्यात माझा पहिला तास एकदाही बुडाला नाही. आई अजूनही फाट्यावर पोचल्याचा फोन येईपर्यंत दारात उभी असते. तो फोन मी चुकवत नाही.