अण्णा साळुंके : स्त्रीभूमिकेची परंपरा आणि मूकपट

मराठी रंगभूमीवरील स्त्रीभूमिकेचा विचार प्रायः बालगंधर्वांच्या संदर्भात केला जातो. ही परंपरा चित्रपटात कोणत्या रूपाने उतरली, हे पाहू गेल्यास अण्णा साळुंके यांच्या कारकिर्दीपासून प्रारंभ करावा लागतो.

'राजा हरिश्चंद्र' या मूकपटातील तारामतीसाठी दादासाहेब फाळके यांनी स्त्रीचा पुष्कळ शोध घेतला. वेश्यावस्तीतूनही नकारच आला. अखेर मुंबईतील ग्रँट रोडनजीकच्या एका उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके यांची निवड झाली. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात हा चित्रपट प्रदर्शित झाला. गंधर्व नाटक मंडळीची स्थापनाही त्याच वर्षीची. एकाच परंपरेची ही दोन टोके होत.

तथापि या दोहोंत मूलभूत भेद आहे. संगीत रंगभूमीवरील स्त्रीपात्राचा आभास गायन, संवाद आणि प्रेक्षकांचा संकेतस्वीकार यांवर उभा होता. मूकपटाने नटाचा आवाज हिरावून घेतला आणि कॅमेऱ्याने देह जवळ आणला. साळुंके यांच्यापाशी उरली ती केवळ अंगलट, मुद्रा व हालचाल. नाट्यसंकेताची खरी कसोटी येथे लागली.

याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर' मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या. स्त्री उपलब्ध होताच पुरुषाची स्त्रीभूमिका लोपली, असा निष्कर्ष यावरून काढला जाण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. १९१७ च्या 'लंकादहन' मध्ये साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. म्हणजेच स्त्रीभूमिका ही केवळ निरुपायाची तडजोड नव्हती. प्रेक्षकांना ती तोवर ग्राह्यही होती.

पुढे शांता आपटे, हंसा वाडकर व दुर्गा खोटे या अभिनेत्रींनी आपले अनुभव ग्रंथबद्ध केले. त्यामुळे त्यांच्या कलाजीवनाचे मोल त्यांच्याच शब्दांत तपासता येते. साळुंके यांचे जीवन मात्र मुख्यतः फाळके यांच्या चरित्राच्या अनुषंगानेच आपल्यापर्यंत पोहोचते. परिणामी 'फाळके यांना सापडलेला आचारी' एवढीच त्यांची ओळख रूढ झाली. नटाच्या कर्तृत्वाचे श्रेय शोधणाऱ्याच्या पदरी पडावे, हा इतिहासलेखनातील दोष होय. पडद्यावरील भूमिका हाच येथे प्रमुख पुरावा मानून तो दूर करणे अभ्यासकांचे कर्तव्य ठरते.