हातातला जीपीएस आणि लपवलेला डबा

नवा जीपीएस हातात आला की पहिल्याच दिवशी जिओकॅश शोधायला निघू नका. यंत्र कसं वागतं ते अजून ठाऊक नसतं आणि डबा कसा लपवलाय याचीही कल्पना नसते. अशा वेळी हाती काही लागलं नाही तर नक्की काय चुकलं, हे कळायला मार्गच उरत नाही. यंत्राची ओळख आधी आपल्या रोजच्या जागेत करून घ्यावी, शोधाला त्यानंतर लागावं.

जिओकॅशिंगचा खेळ तसा सोपा आहे. कुणीतरी एक डबा, म्हणजेच जिओकॅश, लपवतो, त्यात छोटी वही ठेवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जिओकॅशिंगच्या संकेतस्थळावर जाहीर करतो. इतरांनी तो शोधायचा, वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तसा, होता तिथे ठेवायचा. मे 2000 पूर्वी हे शक्यच नव्हतं. अमेरिकी सरकार नागरी जीपीएसच्या संकेतांत मुद्दाम त्रुटी मिसळत असे, त्यामुळे ठिकाण शंभर मीटरपर्यंत चुकायचं. 2 मे 2000 रोजी ती त्रुटी काढून टाकली गेली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर यांनी ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ एक बादली लपवून तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. बादलीत पुस्तकं, सॉफ्टवेअर, एक बेचकी असा ऐवज होता, शिवाय घेवड्याच्या दाण्यांचा एक टिनही. खेळाची सुरुवात तिथली.

आज अमेरिका, जर्मनी, चेक प्रजासत्ताक इथे असे डबे गावोगावी आहेत. मुंबई-पुण्याच्या आसपासही आहेत, पण मोजके. त्यामुळे आपल्याकडच्या अनेकांची या खेळाशी गाठ पडते ती परदेशात मुलाकडे किंवा मुलीकडे गेल्यावर, नातवंडांचा हात धरून. यंत्राचा सराव मात्र इथेच, आपल्या टेकडीवर उत्तम होतो.

शहरातल्या बागेतला डबा शोधायला मोबाइल पुरतो, त्यासाठी खर्च करू नका. हातातल्या जीपीएसचा उपयोग डोंगरात कळतो. पावसाने त्याचं काही बिघडत नाही, हातमोजे घालूनही बटणं दाबता येतात, नेटवर्क लागत नाही आणि साधे दोन पेन्सिल सेल त्याला दिवसभर पुरतात. गार्मिनची ईट्रेक्स मालिका नवख्याला सोयीची आहे. तिच्यातला 22एक्स थोडा स्वस्त, पण त्यात इलेक्ट्रॉनिक होकायंत्र नाही. 32एक्समध्ये ते आहे. परवडत असेल तर होकायंत्रवालाच घ्या. कारण पुढे येईलच.

एक गोष्ट बजावून सांगायला हवी. उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी उपकरणंही बाजारात मिळतात आणि दिसायला ती जीपीएससारखीच असतात. भारतात ती सरकारी परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत आणि विमानतळांवर अशा उपकरणांपायी प्रवाशांना अडवल्याच्या घटना घडल्या आहेत. परदेशातून कुणी भेट म्हणून आणणार असेल, तर नुसता संकेत घेणारा साधा जीपीएस आणायला आधीच सांगून ठेवा.

आता यंत्र चालू करू, पण घरात बसून नको. गच्चीवर किंवा मैदानात, जिथे डोक्यावर मोकळं आकाश आहे तिथे जा. ठिकाण काढायला यंत्राला किमान चार उपग्रहांचे संकेत लागतात आणि ते सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून येतात. सिमेंटचं छत त्यांना अडवतं. उपग्रहांचं पान उघडून ठेवा, एकेक पट्टी भरत जाताना दिसेल. यंत्र हजारो किलोमीटर दूरच्या देशातून आणलेलं असेल, तर पहिल्यांदा त्याला पंधरा-वीस मिनिटं लागू शकतात, कारण कोणता उपग्रह कुठे आहे याची यादी त्याला नव्याने उतरवून घ्यावी लागते. एका जागी ठेवा आणि थांबा. बिघडलंय असं समजून बंद-चालू करत बसलात तर वेळ आणखी जातो.

संकेत मिळाले की सेटअपमध्ये जाऊन दोन गोष्टी तपासा. नवख्यांचे सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात. पहिली गोष्ट डेटमची, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या पायावर मोजतात त्याची. तो डब्ल्यूजीएस 84 हवा. जुन्या भारतीय नकाशांचा डेटम वेगळा आहे आणि तो चुकून निवडला गेला तर प्रत्येक ठिकाण सरकतं. दुसरी गोष्ट आकडे लिहिण्याच्या पद्धतीची. जिओकॅशिंगमध्ये अंश आणि दशांश मिनिटं वापरतात, म्हणजे मिनिटांनंतर टिंब आणि त्यापुढे तीन आकडे. सेकंद नसतात.

शनिवारवाड्याचं उदाहरण घेऊ. या पद्धतीने त्याचे आकडे साधारण उत्तर 18° 31.160', पूर्व 73° 51.320' असे येतात. टिंबानंतरचे आकडे सेकंद समजून कुणी 31 मिनिटं 16 सेकंद आणि 51 मिनिटं 32 सेकंद असं भरलं, तर यंत्र निमूटपणे ते घेतं आणि तुम्हाला चारशे मीटरहून जास्त दूर, कसबा पेठेच्या बाजूला नेऊन उभं करतं. ते चूक दाखवत नाही, कारण त्याच्या लेखी तेही एक खरंखुरं ठिकाण आहे. एकेका आकड्याची किंमतही लक्षात असू द्या. अक्षांशात टिंबानंतरचा तिसरा आकडा एकाने चुकला तर पावणेदोन-दोन मीटरचा फरक पडतो, दुसरा चुकला तर अठरा मीटरचा आणि पहिला चुकला तर 185 मीटरचा. आकडे हाताने भरताना म्हणूनच एकाने वाचावेत, दुसऱ्याने भरावेत आणि मग भरणाऱ्याने ते मोठ्याने परत वाचून दाखवावेत.

मार्गासाठी रस्त्याने नेणारा पर्याय बंद करून सरळ रेषेचा निवडा. होकायंत्र असेल तर ते जुळवून घ्या. पडद्यावर दिसेल तसं यंत्र तिन्ही दिशांना हळूहळू फिरवायचं, गाडी आणि लोखंडी कठड्यापासून दूर उभं राहून. सेल बदलले की हे पुन्हा करायचं.

पहिला सराव असा करा. मैदानातली एक पक्की खूण निवडा. वडाचा पार, झेंड्याचा खांब, पाण्याच्या टाकीचा कोपरा, काहीही चालेल. तिथे उभं राहून वेपॉइंट, म्हणजे त्या जागेची खूण, नोंदवा. ईट्रेक्सवर कांडी दाबून धरली की नोंदणीचं पान येतं. मग दोनशे-तीनशे पावलं दूर जा, 'व्हेअर टू' मधून तीच खूण निवडा आणि बाणाच्या मागे परत या. अंतर शून्याजवळ आल्यावर थांबा आणि मान वर करून बघा. खांबापासून किती लांब आहात? बहुधा तीन ते आठ मीटर. हेच दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळी करा, एकदा दाट झाडीत करा, एकदा उंच इमारतींच्या मध्ये करा. इमारतींवर आपटून आलेले संकेत यंत्राला फसवतात आणि तिथे चूक किती वाढते ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. पडद्यावर अचूकतेचा जो आकडा येतो, त्याचा अर्थ मैदानातल्या या फेऱ्यांतूनच कळतो, माहितीपत्रक वाचून कळत नाही.

होकायंत्र नसलेल्या यंत्राचं वागणंही याच फेऱ्यांत समजतं. तुम्ही चालत असता तोवर बाण बरोबर असतो, कारण मागच्या आणि आताच्या ठिकाणावरून यंत्र दिशा ठरवतं. उभे राहिलात की त्याला दिशा कळायला साधन उरत नाही आणि बाण भरकटतो. शोधताना आपण थांबतो ते नेमके डब्याजवळ, म्हणून होकायंत्राचा आग्रह.

दुसरा सराव घरच्यांना घेऊन करा. कुणालातरी पोह्यांचा छोटा स्टीलचा डबा टेकडीवर ठेवून यायला सांगा, आकडे कागदावर लिहून घ्या आणि शोधा. मुलांना हा प्रकार फार आवडतो आणि अक्षांश-रेखांश म्हणजे काय, हे भूगोलाच्या पुस्तकापेक्षा इथे लवकर उमगतं. मात्र डबा खेळ संपताच परत आणा. स्टेशन, देऊळ, बाजार, संरक्षित किल्ला अशा ठिकाणी तर ठेवूच नका. आपल्याकडे बेवारस डबा दिसला की पोलिसांना बोलवतात आणि ते योग्यच आहे.

आता खरा जिओकॅश. प्रत्येक डब्याला अवघडपणाचे दोन आकडे दिलेले असतात, एक शोधण्याचा आणि एक वाटेचा, दोन्ही 1 ते 5. तुम्ही 1 किंवा दीड निवडा. प्रकार 'ट्रॅडिशनल' हवा, म्हणजे दिलेल्या आकड्यांवरच डबा असतो. आकार 'रेग्युलर' किंवा 'स्मॉल' घ्या. 'मायक्रो' म्हणजे फिल्मच्या जुन्या डबीएवढा किंवा त्याहूनही लहान, तो सुरुवातीला नको. अलीकडच्या नोंदी वाचा. गेल्या महिन्यात कुणाला सापडला असेल तर निघा. लागोपाठ तिघा-चौघांनी 'सापडला नाही' लिहिलं असेल तर तो बहुधा नाहीसाच झालाय. डब्याची जीपीएक्स फाइल मिळाली तर यंत्र केबलने संगणकाला जोडून 'गार्मिन' फोल्डरमधल्या 'जीपीएक्स' मध्ये टाका, म्हणजे वर्णन आणि सूचनाही यंत्रावर येतात.

गाडी लावली तिथे उतरताच खूण नोंदवा, 'गाडी' असं नाव द्या. ही सवय कधीच सोडू नका. मग बाणाकडे बघा, पण वाट सोडू नका. यंत्र पक्ष्याच्या उडण्याचं अंतर सांगतं, मधला ओढा, कडा, कुणाचं कुंपण त्याला माहीत नसतं. तीनशे मीटर दिसत असतील आणि पायवाट आधी उलट दिशेला जात असेल, तरी पायवाटच धरा. बहुतेक डबे वाटेपासून थोड्याच अंतरावर असतात.

वीस मीटर उरले की चाल मंद करा. दहा मीटर उरले की यंत्र खाली करा. इथून पुढे पडद्यावर डोळे लावून फिरणारा माणूस हमखास गोल गोल चालत राहतो. लपवणाऱ्याच्या यंत्रातही चार-पाच मीटरची चूक होती, तुमच्या यंत्रात आज तेवढीच आहे आणि दोन्ही चुका एकाच दिशेच्या असतील असं नाही. म्हणजे शोधायचं ते साधारण दहा मीटरच्या वर्तुळात. बाण झाडीत सैरभैर होऊ लागला तर मागे फिरा, मोकळ्या जागी या, मिनिटभर थांबा. बाण स्थिरावला की त्याच्या रेषेत समोरचं एखादं झाड किंवा दगड हेरून ठेवा. मग वर्तुळाच्या दुसऱ्या बाजूला, साधारण काटकोनात जाऊन पुन्हा तेच करा. दोन रेषा जिथे छेदतात तिथून शोध सुरू करायचा. अमेरिकेतल्या सिॲटलच्या बाजूच्या उंच, दाट सूचिपर्णी झाडांखाली ही युक्ती फार उपयोगी पडते.

आता लपवणाऱ्याच्या डोक्याने विचार करा. या दहा मीटरांत डबा ठेवावा अशा जागा किती? पडलेल्या ओंडक्याची पोकळी, बुंध्याची फट, बाकाची खालची बाजू, कठड्याच्या आतला भाग. जागामालकाच्या परवानगीशिवाय डबा जमिनीत पुरणं नियमात बसत नाही, तेव्हा खणायचं नाही. नजर अनैसर्गिक गोष्टीवर ठेवा. सारख्या लांबीच्या काटक्या एकाच दिशेने रचलेल्या दिसल्या, दगडावरचं शेवाळ खालच्या बाजूला गेलेलं दिसलं, तर तिथे माणसाचा हात फिरलेला आहे. बाकाखाली बोटं फिरवताना लाकडाऐवजी गार पत्रा लागला आणि तो किंचित हलला, तर ती चुंबकाने चिकटवलेली डबी असते. दहा-पंधरा मिनिटांत जमलं नाही तर सूचना वाचा. ती उलट-सुलट अक्षरांत असते: इंग्रजी ए ऐवजी एन, बी ऐवजी ओ, असं तेरा घरं पुढचं अक्षर घ्यायचं. यंत्रावर ती बहुधा उलगडूनच दिसते.

बिळात, कपारीत उघडा हात घालू नका, हे आपल्याकडे कुणाला वेगळं सांगायला नको. कोकणात फुरसं असतं. काठीने चाचपा. अमेरिकेत पॉयझन आयव्हीची तीन-तीन पानांची वेल ओळखायला शिका, अंगाला लागली तर पुरळ दिवसेंदिवस छळतं. गवतातून आल्यावर गोचीड लागलीय का ते पायांवर तपासा.

डबा हाती आला की आजूबाजूला कुणी बघत नाही ना याची खात्री करून उघडा. पेन्सिल स्वतःची न्या, आतली बहुधा बोथट असते. वहीत नाव आणि तारीख लिहा. आतली एखादी वस्तू घेतलीत तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाची ठेवा. खाऊ मुळीच ठेवू नका, वासाने जनावरं डबा फोडतात. नंबर कोरलेली धातूची पट्टी मिळाली तर ती भेटवस्तू नाही. तिचा डब्या-डब्यांतून प्रवास चालू असतो, पुढच्या डब्यात न्यायची असेल तरच उचला. झाकण घट्ट लावा, वाळूचा एक कणही कडेला राहू देऊ नका, नाहीतर पाणी शिरून सगळ्यांची वही भिजते. मग डबा अगदी तसाच, त्याच जागी. तुम्हाला दुसरी जागा अधिक चांगली वाटली तरी नाही, कारण जाहीर झालेले आकडे पहिल्या जागेचे आहेत.

सापडला नाही तरी संकेतस्थळावर तशी नोंद करा. डब्याच्या मालकाला त्यावरूनच कळतं की एकदा जाऊन बघायला हवं.

घरी आल्यावर यंत्र ओल्या फडक्याने पुसा आणि 'गाडी' ही खूण काढून टाका. पुढच्या वेळी दोन 'गाड्या' दिसल्या की गोंधळ होतो. महिनाभर तरी वापर होणार नसेल तर सेल काढून वेगळे ठेवा. आत गळलेला सेल पत्र्याचे जोड खातो.