कंपास आवरणारी वीज

शाळेची घंटा वाजवून शिपाई दूर झाला तरी ती कांहीं वेळ घुमत राहते. पण कोणी खोडकर मुलगा तिच्यावर तळहात ठेवील तर ती तत्काळ मुकी होते. तिच्या कंपांत जी शक्ति होती ती हाताच्या मऊ मांसांत शिरली व तिची अत्यल्प उष्णता झाली. शक्ति नष्ट होत नाहीं. ती केवळ रूप पालटते.

घंटेचा कंप आपणांस हवासा असतो. विमानाच्या शेपटाचा तसा नव्हे. एकसारखा वांकून धातु थकतो, त्यास बारीक चीर पडते आणि अखेरीस तो तुटतो. तेथें तळहात कोण ठेवणार? हें काम विजेकडून कसें करवून घेतात, तें आम्ही येथें सांगूं इच्छितों.

इ. स. १८८० मध्यें झाक व पिएर क्यूरी ह्या फ्रेंच बंधूंस असें आढळलें कीं, गारेचा स्फटिक दाबला असतां त्याच्या पृष्ठभागांवर वीज प्रकट होते. (हे पिएर म्हणजे पुढें मादाम क्यूरी यांचे पति झाले तेच.) गॅस पेटविण्याच्या लायटरमध्यें ठिणगी पडते ती ह्याच गुणामुळें.

अशा पदार्थाची चकती कंप पावणाऱ्या पट्टीस घट्ट चिकटवावी. पट्टी वांकली कीं चकती ताणली जाते व तिच्या दोन्ही बाजूंवर वीज जमते. त्या बाजू तारेनें जोडून मध्यें रोधक ठेवला कीं तो तापतो आणि कंपाची शक्ति खर्ची पडते. येथें पुष्कळांची चूक होते. रोध जितका कमी तितकें बरें, असें त्यांस वाटतें. परंतु रोध मुळींच नसेल तर विजेचा दाब उभा राहत नाहीं, आणि अतोनात असेल तर प्रवाह वाहत नाहीं. दोन्हींकडे उष्णता शून्य! मधला योग्य रोध हिशेबानेंच काढावा लागतो.

याहून गुणकारी युक्ति म्हणजे रोधकाबरोबर तारेचें वेटोळें जोडणें. चकती व वेटोळें मिळून विजेचा जणुं झोपाळाच होतो. रेडिओवर स्टेशन लावतात तसा त्याचा झोका पट्टीच्या कंपाशीं जुळविला कीं तो कंपाची शक्ति झपाट्यानें ओढून रोधकास देतो. ह्याचें गणित अमेरिकेंत हॅगुड व फॉन फ्लोटो यांनीं १९९१ सालीं मांडलें.

अडचण आहे ती वेटोळ्याची. चकतीची धारकता ०.१ मायक्रोफॅरड व कंप सेकंदास ५० असतील तर वेटोळें सुमारें १०० हेन्रींचें लागतें! लोखंडी गाभ्यावर सहस्रावधि फेरे गुंडाळलेलें तें ओझें विमानांत कोण बसवील? म्हणून ट्रान्झिस्टरांच्या लहानशा मंडलाकडून वेटोळ्याची नक्कल करवितात. त्यास मात्र बाहेरून वीज पुरवावी लागते. शिवाय उष्णमान पालटलें कीं चकतीची धारकता पालटते, जुळविलेला झोका चुकतो, आणि तो पुन्हां जुळवावा लागतो.